पॉइंटर पाळलाय? मग श्रावणातच कामाला लागा

माझी बिजली जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर आहे, म्हणजे पक्ष्याचा वास लागला की जागीच थिजून तो दाखवणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या जातीची. नाशिकच्या गिरणारे रस्त्याला आमची द्राक्षबाग आहे, तिथे ती असते. तिला बघितलं की लोक हमखास विचारतात, "शिकारीला नेता का?" नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. त्यातली शिकारीची व्याख्या नुसती मारण्यापुरती नाही. रानातल्या प्राण्या-पक्ष्यांचा कुत्रा लावून पाठलाग करणं, त्यांना हाकणं, पकडणं, हे सगळं तिच्यात येतं. म्हणजे तित्तरामागे सुटलेला कुत्रा बघून टाळ्या वाजवायच्या नाहीत.

पण या जातीचं नाक आणि पाय रिकामे ठेवले तर ती ठिबकच्या नळ्या चावून काढते. परदेशात शिकारीचा हंगाम शरद ऋतूत सुरू होतो, म्हणून तिकडचे शिकारी उन्हाळा सरतानाच कुत्र्यांची तयारी करायला घेतात. आपल्याला हिवाळ्यातल्या थंड, दवाच्या सकाळी मिळतात, तेव्हा श्रावणात सुरुवात केली तर दिवाळीनंतर कुत्रा तयार असतो. काम तेच, फक्त शेवटी बंदूक नाही. वास लागला की थांबायचं आणि बोलावलं की मागे यायचं, एवढंच हवं.

त्यामुळे माझ्या लेखी दमसासापेक्षा "थांब" आधी. पळायला या कुत्र्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

"थांब" जेवणापासून सुरू करा. ताट खाली ठेवा, हात आडवा धरा, "थांब" म्हणा. ती क्षणभर थबकली की "घे". क्षण हळूहळू वाढवा. मग हेच अंगणात, फाटकाशी, बांधावर. शब्द एकदाच म्हणायचा. "थांब, थांब, अगं थांब ना" असं चालू ठेवलं की कुत्रा चौथ्या वेळेची वाट बघायला शिकतो. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरा. आमचे सासरे "हो हो" म्हणून बैल थांबवायचे, बिजलीलाही तेच. त्यांना पटवायला मला कुत्रीपेक्षा जास्त वेळ लागला. "एवढं शेळीला शिकवलं असतंस तर दूध तरी वाढलं असतं," हे त्यांचं मत अजून कायम आहे.

उघड्यावर न्यायच्या आधी लांब दोर लावा. बैलाचा सुती कासरा सगळ्यात बरा, दहा मीटरच्या आसपास. नायलॉनचा दोर हात सोलून काढतो. दोर पट्ट्याला न बांधता छातीच्या हार्नेसला बांधा, म्हणजे झटका मानेवर येत नाही.

आता पिसं. बांबूच्या काठीला गळाची दोरी आणि तिच्या टोकाला गावठी कोंबडीची उन्हात वाळवलेली पिसं. मांजा अजिबात नको. पिसं गवतावर टेकवा, उचला, पुन्हा टेकवा. पिल्लू झडप घालेल, तुम्ही उडवा. मिळत नाही म्हटल्यावर ते एकदम ताठ होतं, पुढचा एक पाय वर, शेपूट सरळ. हा खेळ थोडाच करा आणि लवकर सोडा. जास्त केला तर कुत्रा डोळ्यांनी थांबायला शिकतो. आपल्याला तो नाकाने थांबायला हवा.

म्हणून पुढची पायरी म्हणजे पिसं कापडी पिशवीत घालून गवतात लपवायची. ठेवायला ज्या वाटेने गेलात तिकडून कुत्रा आणू नका, नाहीतर तो तुमच्या चपलांचा माग काढत जातो. चिमूटभर माती सोडून वारा बघा आणि कुत्रा वाऱ्याच्या खालच्या अंगाने आणा, म्हणजे वास त्याच्या तोंडावर येईल. नाक वर जाईल, चाल मंदावेल आणि एका क्षणी सगळं अंग थिजेल. इथे तोंडातून शब्द काढू नका. मागून सरळ चालत जाऊ नका, बाजूने वळसा घालून जा. पाठीवरून संथ हात फिरवा आणि मग मागच्या मांड्यांवर तळहात ठेवून अगदी हलकेच पुढे ढकला. कुत्रा उलट मागे रेटतो आणि पाय अजून रोवतो. तळहाताला त्याच्या मांडीचे स्नायू घट्ट होताना कळतात. मग तुम्ही स्वतः पुढे होऊन पिशवी उचला. कुत्र्याने हलायचं नाही. हलला तर ओरडा नको, उचलून आणा आणि पुन्हा त्याच जागी चार पायांवर ठेवा.

हे सगळं स्वतःच्या पडीक रानात किंवा ओळखीच्या शेतात करा. तित्तर, टिटव्या पावसाळ्यातही जमिनीवर अंडी घालतात, तेव्हा माळावर कुत्रा मोकळा सोडू नये. बोरगड, अंजनेरी, नांदूरमध्यमेश्वर ही राखीव क्षेत्रं तर वर्षभर विसरा.

आवाजाची सवय नाशिकमध्ये फुकटात होते. गणपतीच्या आधी ढोल पथकांचा सराव सुरू होतो. आवाज नुसता घुमतोय एवढ्या लांब गाडी लावा आणि कुत्र्याला तिथे खाऊ घाला. खाणं सोडून कान मागे पाडले तर अजून लांब जा. कुत्रा निवांत खात असेल तरच दुसऱ्या खेपेला थोडं जवळ. ही तयारी झाली की दिवाळीचे फटाके निम्मे सोपे होतात. मुद्दाम जवळ फटाका फोडून "धीट" करणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

दमसासाचं थोडक्यात: आधी चाल, मग दुडकी, मग मोकळी धाव, दर आठवड्याला थोडी वाढवत. मातीच्या रस्त्यावर पंजे घट्ट होतात, डांबरावर सोलतात. फासळ्या दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात. मोठं जेवण धावण्याच्या तोंडावर कधीच नाही. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडतो आणि ते जिवावर बेतू शकतं. ऑक्टोबर हिट अंगावर घेऊ नका, उजाडताच निघा आणि ऊन चढायच्या आत परत या. जीभ रुंद होऊन टोकाला वळली, लाळ चिकट झाली, पाय लडखडले की काम बंद. सावलीत न्या, पोटावर आणि जांघेत साधं पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टर गाठा. संध्याकाळी अंधार पडायच्या आत घरी. उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे आणि कुत्रा त्याला सोपा.

परत आल्यावरची दहा मिनिटं मात्र चुकवू नका. पावसाळा संपला की कुसळी गवत पिकतं. त्याचं कुसळ टोकदार असतं आणि ओलं झालं की पीळ सोडत आत शिरतं. बोटांच्या बेचक्या, काखा, कानाची आतली बाजू, पापणीखाली, सगळीकडे बघा. कुत्रा एकाच बाजूला डोकं झटकत असेल तर कानात गेलंय असं धरून चाला, चिमटा घालू नका, डॉक्टरकडे न्या. याच वेळी गोचीडही काढून होतात. गुरांचं गोचिडाचं औषध अंदाजाने कुत्र्याला लावू नका. सुस्ती, ताप, हिरड्या फिकट दिसल्या तर रक्त तपासून घ्या.

बागायतदारांसाठी आणखी एक. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे (कोंब) फुटायला जे हायड्रोजन सायनामाइड लावतो ते विषारी आहे. त्या प्लॉटमध्ये कुत्रा नको, आणि चुकून गेलाच तर चाटायच्या आत पाय धुवा. जानेवारीपासून काढणी सुरू झाली की गळालेले घड उचलून घ्या. द्राक्ष आणि बेदाण्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, किती खाल्ल्यावर याचा भरवसा नसतो. खाल्लेली दिसली तर लक्षणांची वाट न बघता लगेच निघा.