फुटबॉल शिकताना या चुका टाळा : बॉल बारवरून का जातो आणि ऑफसाइड का लागतो

नवीन खेळाडूचा शॉट गोलच्या वरच्या आडव्या बारवरून गेला की बाजूला उभा असलेला कुणीतरी हमखास ओरडतो, "अरे, जरा हळू मार!" पुढचा शॉट तो हळू मारतो. तोही वरूनच जातो, फक्त सावकाश. कारण बिघाड मारणाऱ्या पायात नव्हताच, जमिनीवर टेकलेल्या पायात होता. शिकताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं असंच असतं. चूक दिसते बॉलला पाय लागतो तेव्हा. होते मात्र सेकंदभर आधी. म्हणून खालच्या प्रत्येक तक्रारीचं मूळ एक पाऊल मागे जाऊन शोधायचं.

शॉट वर जातो, पास भलतीकडे जातो

टेकलेला पाय बॉलच्या मागे राहिला की मारणारा पाय पुढे ताणावा लागतो. ताणला की कंबर मागे झुकते, आणि पाय वर चढत असताना बॉलच्या खालच्या भागाला लागतो. मग बॉल वर जाण्याशिवाय दुसरं करणार काय? टेकता पाय बॉलच्या शेजारी, साधारण वीतभर अंतरावर पडला पाहिजे, गुडघा किंचित वाकलेला. मारणाऱ्या पायाचा घोटा ताठ, बोटं खाली, आणि जिथे लेस बांधतो तो भाग बॉलच्या मध्यावर. छाती बॉलच्या वर. नजर पाय लागेपर्यंत बॉलवर. गोल कुठे पळून जात नाही.

हे तपासायची सोपी युक्ती आहे. ओल्या मातीवर किंवा दव असलेल्या गवतावर दोन पावलांचा रन-अप घेऊन शॉट मारा आणि खाली बघा. बॉल जिथे होता तिथली खूण आणि टेकलेल्या पायाचा ठसा, दोन्ही दिसतात. ठसा मागे असेल तर शॉट वर गेलेला असतो. पाय मागे पडला होता की नाही, यावरचा वाद तिथेच मिटतो.

पासचंही गणित तेच. टेकलेल्या पायाचा पंजा ज्या दिशेला, साधारण त्याच दिशेला पास. पंजा एकीकडे रोखून दुसरीकडे पास देणं जमतं, पण ते नंतरचं शिक्षण. सुरुवातीला पायाच्या आतल्या बाजूने, घोटा घट्ट ठेवून मारा आणि पाय पासच्या दिशेने पुढे जाऊ द्या.

बुटाच्या टोकाने मारायची सवय मात्र लवकर मोडा. टोकाचा स्पर्श इतका लहान असतो की बॉल कुठे जाईल हे नशिबावर राहतं. कुणीतरी लगेच २००२च्या विश्वचषकाची आठवण काढेल : उपांत्य सामन्यात तुर्कस्तानविरुद्ध ब्राझीलच्या रोनाल्डोने टोकानेच गोल केला होता. केला होता, खरंय. पण पाय मागे नेऊन शॉट मारायला वेळ नव्हता आणि त्याने ते जाणून केलं. ज्याला दुसरं काही येतच नाही, त्याच्या टोक मारण्यात आणि त्यात फरक आहे.

बॉल पायाला लागून उडतो

पहिली शंका बॉलवरच घ्या. लहान मुलांना पाच नंबरचा, दगडासारखा टणक भरलेला बॉल देऊन 'कंट्रोल येत नाही' म्हणणं अन्यायाचं आहे. पाच नंबरचा बॉल ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा आणि ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो. आठ वर्षांच्या आतल्यांना साधारण तीन नंबर आणि आठ ते बारा वयाला चार नंबर पुरतो.

बॉल ठीक असेल तर पायाकडे बघा. नवखा खेळाडू टाचांवर उभा राहून ताठ पायाने बॉलची वाट बघतो. उंचावरून आलेली वस्तू झेलताना हात जसा आपोआप मागे येतो, तसा बॉल लागताक्षणी पाय मागे यायला हवा. त्यासाठी तो आधी थोडा पुढे गेलेला असला पाहिजे, आणि वजन पंजावर.

याहून मोठी चूक कौतुकाच्या आड लपते. बॉल तळव्याखाली जागच्या जागी थांबवला की बाहेरून "वा, मस्त ट्रॅप!" असं येतं. पण थांबलेला बॉल पुन्हा हलवायला आणखी एक स्पर्श लागतो, तेवढ्यात समोरचा अंगावर येतो. पहिला टच बॉल थांबवण्यासाठी नसतो. तुम्हाला पुढे जिथे जायचं आहे तिकडे, पाऊलभर अंतरावर, बॉल ठेवण्यासाठी असतो. आणि कुठे जायचं हे बॉल येण्याआधीच ठरलेलं हवं. म्हणून पास तुमच्याकडे निघायच्या आधी एकदा खांद्यावरून मागे बघा, तो वाटेत असताना पुन्हा एकदा. स्पेनचा झावी याच सवयीसाठी ओळखला जायचा. पास देणाऱ्याकडे पूर्ण तोंड करूनही उभं राहू नका. थोडं तिरकं राहिलात तर अर्धं मैदान आपोआप नजरेत येतं.

ड्रिबल करताना मान खाली

जमिनीवर प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, लावून तासन्‌तास ड्रिबल करणारे, म्हणजे बॉल पायाशी ठेवून पळणारे, पुष्कळ असतात. कोन पाय घालत नाही, हीच त्या सरावाची अडचण. एक साथीदार समोर उभा करा. त्याने मधूनच हात वर करून बोटं दाखवायची, तुम्ही बॉल पायात ठेवून आकडा सांगायचा. मान वर येते. गर्दीत जवळजवळ प्रत्येक पावलाला हलका टच, मोकळ्या जागेत लांब टच. उलटं केलं की बॉल गेला. आणि पास दिल्यावर तो कसा गेला हे बघत उभं राहू नका, हला. सगळे मिळून बॉलमागे धावत असाल तर निदान तुम्ही तरी बाहेर पडा. रिकामी जागा बॉलपासून लांबच सापडते.

बचावात उतावळेपणा नडतो. धावत जाऊन पाय घातला की समोरचा बॉल बाजूला सारतो आणि तुम्ही मागे पडता. दोन पावलं आधी वेग कमी करा, गुडघे वाकवा, अंग तिरकं ठेवा आणि नजर त्याच्या कमरेच्या हुलकावण्यांवर नाही, बॉलवर ठेवा. त्याचा टच लांब गेला की मग पाय घाला.

हेडिंगला, म्हणजे डोक्याने बॉल मारताना, कपाळ वापरायचं, डोळे उघडे. लहान मुलांना त्याची घाई नको. डोक्याला बसणाऱ्या माराच्या काळजीने इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या प्रशिक्षणातून हेडिंग काढून टाकलं.

ऑफसाइड : चूक कुठल्या क्षणाची?

फुटबॉलचे नियम सतरा, पण निम्मी भांडणं एकाच नियमावर. स्ट्रायकरच्या, म्हणजे गोल करायला पुढे खेळणाऱ्याच्या, पायात बॉल आला तेव्हा तो एकटाच पुढे होता, म्हणून ऑफसाइड, असं अनेकांना वाटतं. बॉल मिळाला तो क्षण मोजतच नाहीत. साथीदाराने बॉल खेळला तो क्षण मोजतात.

त्या क्षणी तुम्ही प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या मैदानात, बॉलच्या पुढे आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असाल, तर तुमची जागा ऑफसाइड. शेवटून दुसरा, हे गोलकीपर धरून. गोलकीपर पुढे आलेला असेल तर दोन डिफेंडर मोजावे लागतात, आणि नवखे इथेच फसतात. १९२५ पर्यंत समोर तीन खेळाडू असावे लागत, त्यानंतर दोन झाले. अगदी बरोबरीत असाल तर ऑफसाइड नाही, ही सूट १९९० पासूनची. हात मोजत नाहीत. थ्रो-इन (बाजूच्या रेषेवरून हाताने फेक), गोल किक (स्वतःच्या गोलसमोरून मारलेली किक) आणि कॉर्नर (मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेली किक) यांवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतं.

शिवाय नुसतं त्या जागी असणं गुन्हा नाही. तिथून तुम्ही बॉल खेळलात किंवा गोलकीपरची नजर अडवलीत, तर शिट्टी वाजते.

वारंवार ऑफसाइड सापडत असाल तर वेग कमी करू नका, धाव बदला. सरळ गोलकडे पळण्याऐवजी डिफेंडरच्या रेषेला समांतर आडवं पळा. पास देणाऱ्याची मान पास मारण्यासाठी खाली गेली की आत वळा. डिफेंडर स्थिर असतो, तुम्ही वेगात असता.

बाकीचे नियम, भराभर

थ्रो-इनला लांब फेकायच्या नादात मागचा पाय उचलला जातो, आणि थ्रो समोरच्यांना मिळतो. दोन्ही पायांचा काही भाग जमिनीवर, रेषेवर किंवा रेषेबाहेर हवा. मागचा पाय घासत आणला तरी चालतं. दोन्ही हातांनी, डोक्यामागून, डोक्यावरून.

बॉल रेषेवर आला म्हणजे बाहेर गेला नाही. पूर्ण बॉल पूर्ण रेषेपलीकडे जावा लागतो, आणि हवेतला बॉल वरून मोजतात. २०२२च्या विश्वचषकात जपानच्या मितोमाने स्पेनविरुद्ध गोलरेषेवरून बॉल परत ओढला, तेव्हा टीव्हीवर तो बाहेर गेल्यासारखा दिसत होता. व्हिडिओ तपासणीत किंचितसा बॉल आत ठरला आणि त्यावरच्या गोलने जपान २-१ जिंकला. बॉल बाहेर गेला असं समजून थांबणाऱ्यांनी तो प्रसंग एकदा बघावा.

हाताला बॉल लागला की प्रत्येक वेळी हँडबॉल नसतो. हात मुद्दाम नेला का, किंवा हात पसरून अंगाचा आकार विनाकारण वाढवला का, हे रेफ्री बघतात. स्वतःच्या हाताला चुकून लागून लगेच केलेला गोल मात्र मिळत नाही. खांदा चालतो; काखेच्या खालच्या पातळीपासून पुढे हात धरतात.

साथीदाराने पायाने मुद्दाम दिलेला बॉल गोलकीपरने हातात घ्यायचा नाही, हे १९९२ पासून. छातीने किंवा डोक्याने दिला तर चालतो. बॉल हातात घेतल्यावर पूर्वी सहा सेकंदांचा नियम होता, तो क्वचितच लावला जाई. २०२५ पासून आठ सेकंदांची मर्यादा आहे, आणि ती ओलांडली तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद रेफ्री हाताने मोजून दाखवतात.

सगळ्यात महागात पडणारी सवय म्हणजे शिट्टीआधी थांबणं. फाउल झाला, हँडबॉल झाला म्हणून हात वर करून डिफेंडर उभे राहतात. रेफ्रीला ते दिसलेलंच नसतं, किंवा ज्या संघाला फायदा आहे त्याचा बॉल चालू राहावा म्हणून शिट्टी मुद्दाम दिलेली नसते. तोवर समोरचा गोलपाशी पोचतो. ओरडायचंच असेल तर पळता पळता ओरडा.