सॅलडच्या तळाशी पाणी साचणे आणि पाने मलूल होणे : माझा अनुभव

लक्षण : वाढल्यावर दहा मिनिटांत लेट्यूस लोळागोळा, तळाशी पाणी, अक्रोड मऊ.

ड्रेसिंग (पानांना लावायचे तेल-रसाचे मिश्रण) कमी केले, मीठ शेवटी घातले, पाने हाताने तोडली, फरक नाही. वैताग आला होता. दोष पानांवरच्या ओलाव्यात होता. ओल्या पानावर तेल धरत नाही, घसरून खाली जाते आणि पाणी ड्रेसिंग पातळ करते.

चौघांसाठी १५० ग्रॅम पाने बर्फाच्या पाण्यात १५ मिनिटे बुडवा. पेशी पाणी शोषून ताठ होतात. मग सॅलड स्पिनरमध्ये (पाने गरगर फिरवून पाणी काढणारे भांडे) दोनदा फिरवा, मध्ये साचलेले पाणी ओतून टाका. स्पिनर नसेल तर सुती कापडात गुंडाळून हलके झटका. पान बोटांना कोरडे लागलेच पाहिजे, इथे घाई नको. मग कोरड्या कापडात गुंडाळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

तोवर ४० ग्रॅम अक्रोड ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसवर ८ मिनिटे भाजून पूर्ण गार करा. गरम घातले तर पाने कोमेजतात.

बाटलीत १ मोठा चमचा लिंबाचा रस, अर्धा छोटा चमचा मस्टर्ड (मोहरीची तयार पेस्ट), चिमूट मीठ, ३ मोठे चमचे ऑलिव्ह तेल घालून जोरात हलवा. मस्टर्डमुळे तेल-रस लगेच वेगळे होत नाहीत. हे महत्त्वाचे, कारण सुटे तेल पानाच्या मेणचट थरातून आत शिरते आणि पान व्हिनेगर किंवा रसापेक्षा लवकर मलूल करते.

वाढताना आधी फक्त पाने आणि दोन चमचे ड्रेसिंग हाताने कालवा. कमी वाटले तरच आणखी. वरून लिंबू लावलेल्या सफरचंदाच्या फोडी, ६० ग्रॅम निथळलेले फेटा चीज, सर्वांत शेवटी अक्रोड. त्यानंतर ढवळू नका.