जुन्या जीपच्या शाफ्टचा क्रॉस घरी कसा बदलायचा

क्लच सोडला की खालून टक्क, रिव्हर्स टाकला की परत टक्क, आणि गल्लीतून हळू जाताना चिमणीसारखं चीं चीं चालूच, असं होत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद चाकांच्या अ‍ॅक्सलपर्यंत नेणारा लांब दांडा) यू-जॉइंट, म्हणजे त्याचा वळता सांधा, गेलाय समजा. आमच्या इंदूरला मिस्त्री लोक त्याला क्रॉसच म्हणतात, त्यामुळे मीही क्रॉसच लिहितो. माझी जीप जुनी आहे, महूच्या पुढे जानापावचा चढ आणि चोरलकडचा घाट असं तिला नेहमी नेतो. पाऊस आणि चिखलात पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि मग क्रॉस कोरडा होऊन मरतो.

आधी खात्री करून घ्या. सपाट जागेवर चारही चाकांना पुढून-मागून ओट (गाडी सरकू नये म्हणून अडकवायचे ठोकळे) लावा, गाडी न्यूट्रलला टाका, खाली जा आणि शाफ्ट हाताने गोल फिरवून, वरखाली हलवून बघा. कटोरीजवळ (क्रॉसच्या चारही टोकांवर बसणारी बेअरिंगची टोपी) जरा जरी खेळ, म्हणजे ढिलेपणा, दिसला किंवा कटोरीच्या कडेला लालसर गंजाची पूड दिसली तर बदलायचाच. आणि एक अगदी मनावर घ्या, शाफ्ट काढला की गिअरमध्ये टाकलेली गाडीसुद्धा थांबत नाही, कारण इंजिन आणि चाकं यांचा संबंधच तुटतो. काही जुन्या जीपमध्ये तर हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) मागे शाफ्टलाच असतो, म्हणजे शाफ्ट निघाला की हँडब्रेकही गेला. म्हणून ओट हवेतच, आणि गाडी उचलायची असेल तर चांगले स्टँड, विटा अजिबात नाही.

सामान फार लागत नाही, व्हाइस, दोन गोट्या, म्हणजे पान्याचे सॉकेट (एक कटोरीपेक्षा जराशी लहान, दुसरी कटोरी आत मावेल एवढी मोठी), सर्क्लिपचा प्लायर, हातोडी, तारेचा ब्रश, ग्रीस गन, डोळ्यांना चष्मा. लॉक, म्हणजे कटोरी अडकवून ठेवणारी सर्क्लिप, सुटताना छर्रकन उडतो, चष्म्याचा कंटाळा करू नका. क्रॉस घ्यायला जाताना जुना सोबत घेऊन जा आणि कटोरीचा व्यास व्हर्निअरने मोजून घ्या, आणि लॉक योकच्या (क्रॉस धरणारा दोन कानांचा चिमटा) बाहेरच्या बाजूला बसतो की आतल्या बाजूला हेही बघा, नाहीतर सियागंजच्या बाजारात दोन चकरा पडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, खुणा. बोल्ट सोडण्याआधीच पांढऱ्या पेंटने फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती) आणि योकवर एक रेघ ओढा, आणि स्प्लाइनच्या (शाफ्टचा एकमेकांत सरकणारा दातेरी जोड) दोन्ही भागांवर दुसरी. क्रॉस वाकड्या कोनात फिरतो तेव्हा त्याच्यानंतरचा शाफ्ट एका फेरीत दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो, हा कमीजास्तपणा मागचा क्रॉस भरून काढतो, पण शाफ्टची दोन्ही टोकाची योक एका रेषेत असतील तरच. मी एकदा स्प्लाइन वेगळी करून खुणेशिवाय जोडली होती, दोन दात चुकले आणि ताशी ५० च्या पुढे सगळी बॉडी थरथरायची. सगळं परत उघडावं लागलं.

बोल्टवर आदल्या रात्री गंज सुटायचं तेल मारून ठेवा. शाफ्ट उतरवताना एका टोकाला लोंबकळत ठेवू नका, आणि शाफ्टच्या नळीवर हातोडी मारू नका, ती पातळ असते, पोचा पडला की बॅलन्स गेला.

मग चारही लॉक काढा, शाफ्ट व्हाइसमध्ये धरा, लहान गोटी एका कटोरीवर आणि मोठी गोटी समोरच्या बाजूला ठेवून व्हाइस आवळा. समोरची कटोरी मोठ्या गोटीत बाहेर येते, ती व्हाइसमध्ये पकडून योक हलवत ओढा, मग उलट बाजूने तसंच. कटोरी सुटल्यावर योकचं भोक घासून साफ करा. नवी कटोरी भोकात नुसत्या हाताने ढिली बसत असेल तर योकच खराब आहे, तिथे क्रॉस बदलून काही उपयोग नाही.

नवीन क्रॉस बसवणं हेच खरं नाजूक काम. प्रत्येक कटोरीत वीस-पंचवीस बारीक सुया उभ्या असतात, त्यांना आतून घट्ट ग्रीसचा थर द्या म्हणजे त्या पडत नाहीत. एक कटोरी थोडीशी आत घ्या, क्रॉसची कटोरी काढलेली टोकं तिरपी करून योकमध्ये घाला आणि त्यातलं एक टोक लगेच त्या कटोरीत सरकवा, म्हणजे सुया टोकाच्या आधाराने उभ्याच राहतात. मग समोरची कटोरी, आणि व्हाइस अगदी हळूहळू आवळत दुसऱ्या हाताने क्रॉस हलवत राहा. ग्रीस भरायचा निपल ग्रीस गन पोचेल अशा बाजूला वळवलाय ना तेही आत्ताच बघा. कटोरी लॉकच्या खाचेपासून दोन-तीन मिलिमीटर अलीकडे अडली तर जोर मुळीच लावू नका, आत एक सुई आडवी पडलीय. काढा, सुया नीट उभ्या करा, परत लावा. घाई केली की सुई तुटते आणि नवा क्रॉस तिथेच वाया.

लॉक टिचकन बसला पाहिजे. क्रॉस हाताला जड वाटत असेल तर योकच्या कानावर लाकडी हातोडीने हलके टोले द्या, कटोऱ्या लॉकला टेकतात आणि क्रॉस मोकळा फिरतो. मी दोन्ही टोकांचे क्रॉस एकदमच बदलतो, एक जुना ठेवला की महिनाभरात परत गाडीखाली जावंच लागतं.

शाफ्ट लावताना पेंटच्या रेघा जुळवा, फ्लँजचं तोंड पुसून घ्या, नट नवे सेल्फ लॉकिंग घ्या आणि आडवे-तिडवे क्रमाने मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. यू-बोल्टवाला शाफ्ट असेल तर जास्त आवळल्याने कटोरी दबते, तिथे हात आवरा. मग ग्रीस गनने चारही कटोऱ्यांच्या सीलमधून ताजं ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत भरा.

बायपासवर मोकळ्या रस्त्यावर ताशी ३०, ४०, ६० असा वेग वाढवत कान देऊन ऐका. परत आल्यावर नटांवर पाना फिरवून बघा, आणि साधारण ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. पावसाळा सुरू होण्याआधी आणि पाण्यातून गाडी काढल्यावर ग्रीस गनचे चार दाब मारून ठेवायचे.