एलएलबीला गाईड, नोट्स, कमेंटरी कशी वापरायची (आणि कधी बंद करायची)

सेमिस्टर सुरू झालं की पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा एकच प्रश्न, "गाईड कुठलं घेऊ?" मग सिनियर एक सांगतो, मैत्रीण दुसरंच सांगते, कुणीतरी ग्रुपवर पीडीएफचं भलंमोठं फोल्डर टाकतं, आणि परीक्षा जवळ येते तेव्हा टेबलावर तीन गाईडं, दोघांच्या झेरॉक्स नोट्स, एक अर्धवट बघितलेली प्लेलिस्ट असं सगळं पसरलेलं असतं आणि बेअर अ‍ॅक्ट (म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर असलेलं पुस्तक) मात्र कोरा करकरीत. गाईड वापरण्यात कमीपणा काही नाही हे आधीच सांगतो, गाईडला नावं ठेवणाऱ्या बऱ्याच जणांच्या कपाटात ती असतातच. अडचण वेगळी आहे. गाईडमध्ये उत्तरं असतात आणि आपण प्रश्न काय आहे हेच माहीत नसताना ती वाचायला बसतो, मग वाचताना सगळं पटतं आणि पुस्तक मिटलं की डोक्यात काही उरत नाही. त्यामुळे गाईड उघडायच्या आधी हातात निदान एक प्रश्न पाहिजे. आता तो प्रश्न आणायचा कुठून, ते बघू.

आधी सेक्शन

प्रश्न येतो बेअर अ‍ॅक्टमधून. उद्या वर्गात जो सेक्शन होणार आहे तो आज दोनदा वाचायचा, प्रोव्हिजो (अट किंवा अपवाद), एक्स्प्लनेशन, इलस्ट्रेशन (सेक्शनखाली दिलेली उदाहरणं) सगळ्यासकट, आणि जिथे अडलं तिथे वहीत एका ओळीत प्रश्न लिहून ठेवायचा. बस एवढंच, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

उदाहरणार्थ कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट, 1872 चा सेक्शन 10 घ्या. फ्री कन्सेंट (मुक्त संमती), कॉन्ट्रॅक्ट करायला पात्र पार्टी, लॉफुल कन्सिडरेशन (कायदेशीर मोबदला), लॉफुल ऑब्जेक्ट (कायदेशीर उद्देश), आणि कायद्याने स्पष्टपणे व्हॉइड (रद्दबातल) ठरवलेलं नसावं, एवढं सगळं एकाच वाक्यात आहे. आता "पात्र म्हणजे कोण?" असं लिहिलंत की उत्तर सेक्शन 11 आणि 12 मध्ये सापडतं, कन्सेंटचं 13 पासून पुढे, लॉफुलचं 23 मध्ये, व्हॉइडचं त्याच्या पुढच्या सेक्शन्समध्ये. म्हणजे जे गाईड चार पानांत सांगणार होतं त्यातलं बरंचसं अ‍ॅक्टनेच सांगितलं, ते पण फुकट आणि अचूक शब्दांत.

पण काही प्रश्न अ‍ॅक्टमध्ये सुटत नाहीत, आणि गाईडचं आणि कमेंटरीचं (एकेका सेक्शनवर सविस्तर भाष्य करणाऱ्या पुस्तकाचं) खरं काम तिथे सुरू होतं. सेक्शन 56 म्हणतो की करार झाल्यावर काम इम्पॉसिबल झालं तर करार व्हॉइड. बरं, इम्पॉसिबल म्हणजे किती इम्पॉसिबल? मालाचा भाव दुप्पट झाला म्हणून मी हात वर करू शकतो का? हा प्रश्न घेऊन कमेंटरी उघडली की सत्यव्रत घोष (1954) भेटते, जिथे सुप्रीम कोर्ट म्हणतं की शब्दशः अशक्यच व्हायला पाहिजे असं नाही, पार्टींचा जो हेतू होता त्या दृष्टीने काम निरर्थक झालं तरी चालेल, आणि मग अलोपी परशाद (1960) भेटते, नुसता खर्च वाढला म्हणून सुटका नाही. दोन केसेस कायमच्या लक्षात राहिल्या कारण तुम्ही त्या शोधत होतात. हेच चॅप्टरच्या पहिल्या पानापासून वाचत आला असतात तर त्या दोन केसेस इतर पंचवीस केसेसच्या गर्दीत गेल्या असत्या.

आणि इलस्ट्रेशन्स सोडू नका हो, प्लीज. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टमध्ये ए आणि बी काय काय करतात ते वाचायला कंटाळवाणं वाटतं, पण पेपरातले प्रॉब्लेम क्वेश्चन पुष्कळदा तिथूनच नावं बदलून उचललेले असतात.

एका कामाला एकच पुस्तक

प्रत्येक विषयाला एक बेअर अ‍ॅक्ट, एक टेक्स्टबुक आणि एक गाईड, बास. टेक्स्टबुक समजून घ्यायला, गाईड उत्तराची मांडणी आणि उजळणीला, जाडजूड कमेंटरी लायब्ररीत बसून एखादा अडलेला मुद्दा सोडवायला, ती कव्हर टू कव्हर वाचायची वस्तूच नाही. दुसरं गाईड घ्यायची खुमखुमी येते ती बहुतेक वेळा पहिलं वाचून झालेलं नसतं म्हणून येते. आणि मराठीतून पेपर लिहिणार असाल तर दोन लेखकांची मराठी गाईडं मिक्स करू नका, एकाच गोष्टीला दोघं दोन वेगळे शब्द वापरतात आणि तुमच्या उत्तरात त्या वेगळ्या गोष्टी वाटायला लागतात.

तारीख बघितल्याशिवाय काही वाचू नका

हा मुद्दा सध्या सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि सिनियरच्या नोट्स फुकट मिळाल्या की नेमका हाच विसरला जातो. 1 जुलै 2024 पासून आयपीसीच्या (भारतीय दंड संहिता) जागी बीएनएस (भारतीय न्याय संहिता), सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहिता) जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आणि एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या जागी बीएसए (भारतीय साक्ष्य अधिनियम) आला. नंबर सगळे इकडचे तिकडे झालेत. आयपीसीत खुनाची शिक्षा 302 मध्ये होती, बीएनएसमध्ये ती 103 मध्ये आहे, आणि बीएनएसचा 302 धार्मिक भावना दुखावण्यासाठी मुद्दाम उच्चारलेल्या शब्दांबद्दल आहे. सगळ्यात घातक 482. सीआरपीसीत 482 म्हणजे हायकोर्टाचे इन्हेरंट पॉवर्स (अंगभूत अधिकार), बीएनएसएसमध्ये 482 म्हणजे अँटिसिपेटरी बेल (अटकपूर्व जामीन), आणि इन्हेरंट पॉवर्स गेले 528 मध्ये. जुन्या नोट्स घोकून हे उलटसुलट लिहिलं तर एक्झामिनरला एका ओळीत कळतं की तुम्ही काय वाचून आलात.

मग जुनं सगळं रद्दीत टाकायचं का? नाही ना, तसंही नाही. 1 जुलै 2024 च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना आयपीसीच लागू आहे, त्यामुळे कोर्टात पुढची कित्येक वर्षं दोन्ही नंबर ऐकायला येणार आहेत, आणि जिथे सेक्शनची भाषा तीच राहिली तिथे जुन्या केसेस तितक्याच कामाच्या आहेत. म्हणून एक साधा तक्ता स्वतःच्या हाताने बनवायचा, डावीकडे जुना नंबर, उजवीकडे नवा, आणि तिसऱ्या कॉलममध्ये शब्द बदललेत का ते. छापील तक्ते बाजारात भरपूर आहेत पण हा तिसरा कॉलम भरताना दोन्ही सेक्शन शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात, खरा अभ्यास त्यातच होतो.

हे फक्त फौजदारी कायद्याचं नाही. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टमधली 2018 ची दुरुस्ती 1 ऑक्टोबर 2018 पासून लागू झाली, त्याआधीच्या गाईडमध्ये स्पेसिफिक परफॉर्मन्स (करारात ठरलेलं काम प्रत्यक्ष करायला लावणं) देणं कोर्टाच्या मर्जीवर आहे असं ठळक अक्षरात असतं, आता तसं नाही. कन्झ्युमर प्रोटेक्शनचा 1986 चा अ‍ॅक्ट जाऊन 2019 चा आला. पुस्तक उघडलं की आधी एडिशनचं साल बघायचं, आणि शंका आली की सरकारची इंडिया कोड ही साइट आहे, तिथे सेक्शनचा आत्ताचा मजकूर मिळतो.

केसच्या दोन ओळींवर किती विसंबायचं

गाईडमध्ये केस दोन ओळींत असते, परीक्षेत ती दोन ओळींतच लिहायची असते, त्यामुळे सगळ्यांना ते सोयीचं वाटतं. पण त्या दोन ओळींत केसचा जीव बसलेलाच असतो असं नाही. नानावटी केस घ्या (पत्नीच्या प्रियकराचा, आहुजाचा, खून करणाऱ्या नौदल अधिकाऱ्याची केस, सुप्रीम कोर्टाचा निकाल नोव्हेंबर 1961 चा). गाईडमध्ये "ग्रेव्ह अँड सडन प्रोव्होकेशन" (तीव्र आणि अचानक चिथावणी, खुनाच्या व्याख्येतलं एक एक्सेप्शन) या हेडिंगखाली नानावटी लिहिलेलं असतं आणि अर्धा वर्ग धरून चालतो की नानावटीला त्या एक्सेप्शनचा फायदा मिळाला. मिळाला नाही! कोर्टाने खुनाची शिक्षा कायम ठेवली. का, ते फॅक्ट्समध्ये आहे. पत्नीने आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यानंतर तो तिला आणि मुलांना सिनेमाला सोडून आला, जहाजावर गेला, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि गोळ्या घेतल्या, आहुजाला शोधत आधी त्याच्या ऑफिसला आणि मग घरी गेला. मध्ये जवळपास तीन तास गेले. कोर्टाचं म्हणणं, एवढ्या वेळात माणूस भानावर येतो, त्याच्या वागण्यात आखणी दिसते. म्हणजे ही केस "सडन" या शब्दाची आहे, आणि वेळेचा हिशोब सांगितला नाही तर केस लिहिलीच नाही असं समजा. हेच एक्सेप्शन आता बीएनएसच्या 101 मध्ये आहे, त्यामुळे केस आजही लागतेच.

सगळ्याच केसेस पूर्ण वाचा असं म्हणत नाहीये, वेळ कुणाकडे आहे. प्रत्येक विषयात आठ-दहा केसेस असतात ज्या दरवर्षी विचारल्या जातात, तेवढ्या मुळातून वाचा. इंडियन कानून या साइटवर फुकट आहेत, सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआर पोर्टलवर अधिकृत रिपोर्ट आहेत. वाचायची पद्धत अशी, आधी गाईडमधल्या दोन ओळी, मग जजमेंटमधले फॅक्ट्स, मग जिथे कोर्ट मुद्दा ठरवतं तो भाग, मग परत गाईडकडे येऊन त्या दोन ओळी स्वतःच्या शब्दांत सुधारून लिहायच्या. हेडनोट (रिपोर्टमध्ये जजमेंटच्या वर छापलेला सारांश) वाचून उठू नका, ती रिपोर्टच्या संपादकाने लिहिलेली असते, जजमेंटचा भाग नसते.

केशवानंद भारती (1973) सारख्या केसमध्ये मात्र उलटं करा. तेरा जज, अकरा वेगवेगळी मतं, 7 विरुद्ध 6 असा निकाल, त्यात मुळातून उडी मारली तर बाहेर यायला सेमिस्टर संपेल. इथे चांगलं टेक्स्टबुक आधी, कुणाचं मत मेजॉरिटीत आणि कशावर, हे समजलं की मग न्यायमूर्ती खन्नांच्या जजमेंटमधला बेसिक स्ट्रक्चरचा (राज्यघटनेचा मूळ ढाचा बदलता येत नाही या तत्त्वाचा) भाग तेवढा काढून वाचायचा.

प्रॉब्लेम क्वेश्चन: इथे गाईड शेवटी

सोडवलेले प्रॉब्लेम असलेलं गाईड सगळ्यात उपयोगी असतं आणि सगळ्यात चुकीचं वापरलं जातं, कारण लोक प्रश्न वाचून लगेच खालचं उत्तर वाचतात आणि "हो, मला हेच वाटलं होतं" म्हणतात. उत्तरावर कागद ठेवा. वीस मिनिटं लावून स्वतः लिहा, मुद्दा काय, सेक्शन कुठला, फॅक्ट्सला कसा लागतो, निष्कर्ष काय. मग कागद काढा.

समजा प्रश्न आहे, सतरा वर्षांच्या मुलाने वय एकोणीस सांगून कर्ज घेतलं, आता परत देत नाही. गाईडची ठरलेली ओळ, मायनरचा (अल्पवयीनाचा) करार सुरुवातीपासून व्हॉइड, मोहरी बीबी (1903). बरोबर आहे, पण प्रश्नाचं अर्धंच उत्तर झालं. मोहरी बीबीमध्ये कर्ज देणाऱ्याच्या माणसाला मुलगा मायनर आहे हे माहीत होतं, म्हणून तिथे फसवणुकीचा आणि एस्टॉपेलचा (आधी स्वतः सांगितलेलं नंतर नाकारता न येण्याचा) मुद्दा टिकलाच नाही. इथे तर देणारा खरंच फसलाय. मग लाहोर हायकोर्टाची खान गुल (1928) बघावी लागते, आणि स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, 1963 चा सेक्शन 33, ज्यात मायनरला जेवढा फायदा झाला तेवढा परत करायला कोर्ट सांगू शकतं. पेपर काढणाऱ्याने खोटं वय मुद्दाम घातलेलं असतं. तुमचं उत्तर आणि गाईडचं उत्तर जिथे जुळत नाही तिथे लाल पेनाने खूण करा, आणि नंतर फक्त त्या खुणा वाचा, बाकी तुम्हाला येतंच.

आणि कधीकधी गाईडच चुकलेलं असतं, छपाईच्या चुका तर विचारूच नका, सेक्शनचा नंबर अ‍ॅक्टशी ताडून घ्यायचाच.

व्हिडिओ, एआय वगैरे

व्हिडिओ अवघड विषयाची पहिली ओळख करून घ्यायला ठीक, ज्युरिससारख्या (ज्युरिसप्रुडन्स, म्हणजे कायद्याचं तत्त्वज्ञान) विषयाला तर चांगलेच, पण दीडच्या स्पीडवर सलग चार तास म्हणजे अभ्यास झाला असं समजू नका. एआयला एखादी कन्सेप्ट सोपी करून सांग म्हणा, तुम्हाला प्रश्न विचारायला लावा, पण त्याने दिलेली सायटेशन (केसचे संदर्भ) स्वतः उघडून बघितल्याशिवाय वापरू नका. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेल्या केसेस दाखल केल्या, त्या केसेस अस्तित्वातच नव्हत्या, 5,000 डॉलर दंड बसला. मूट मेमोरियलमध्ये (अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेतल्या लेखी युक्तिवादात) असं काही सापडलं तर दंड नाही बसणार, पण त्या राऊंडमध्ये तोंड दाखवणं कठीण होईल.

शेवटचे दहा दिवस

या काळात नवीन काहीही हातात घ्यायचं नाही, ग्रुपवर "व्हेरी इम्पॉर्टंट" म्हणून काय वाट्टेल ते येऊ दे. गेल्या पाच वर्षांचे पेपर, लाल खुणा, तो तीन कॉलमचा तक्ता आणि बेअर अ‍ॅक्ट. प्रत्येक विषयाचं तुमचं स्वतःचं चार-पाच पानांचं सार असेल तर उत्तम, दुसऱ्याचं सार वाचून फार फायदा होत नाही, कारण त्याने काय गाळलं आणि का गाळलं हे आपल्याला माहीत नसतं.

एक बारीकशी गोष्ट, बेअर अ‍ॅक्टच्या मार्जिनमध्ये नोट्स लिहायची सवय चांगली आहे, जरूर लिहा, पण महत्त्वाच्या अ‍ॅक्ट्सची एक कोरी कॉपी वेगळी ठेवा. वकिली करायची तर एआयबीई (बार कौन्सिलची ऑल इंडिया बार एक्झामिनेशन) द्यावी लागते, तिथे बेअर अ‍ॅक्ट आत नेता येतो पण नोट्स असलेला नाही.