पासथ्रू कार्ड लावलेली व्हीएम चालू ठेवून दुसऱ्या सर्व्हरवर कशी न्यावी

रविवारी मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक असला, तरी जलद लोकल बंद होत नाही. माटुंग्याला ती धीम्या मार्गावर वळते, शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप घेत रडतखडत पुढे जाते आणि मुलुंड सोडल्यावर पुन्हा जलद मार्ग पकडते. घरी पोचायला उशीर होतो, पण कुणाला मध्येच गाडीतून उतरावं लागत नाही. समजा, सर्व्हरची खराब झालेली रॅमची पट्टी बदलायची आहे. त्यासाठी पासथ्रूची, म्हणजे हार्डवेअर थेट जोडलेली, व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, सर्व्हरच्या आत चालणारा आभासी संगणक) चालू ठेवून दुसऱ्या सर्व्हरवर न्यायची, तर नेमकं हेच करायचं असतं. धीमा मार्ग आधी तयार ठेवायचा, गाडी त्यावर वळवायची आणि पलीकडे पोचल्यावर परत जलद मार्गावर आणायची.

अंधेरीच्या एमआयडीसीत दोन-तीन छोट्या ऑफिसांचे सर्व्हर मी सांभाळतो. सगळीकडे लिनक्स, व्हीएम चालवणारे केव्हीएम आणि क्यूएमू, आणि त्यांचा कारभार बघणारं लिबव्हर्ट. खाली लिहिलंय ते त्याच अनुभवातून आलेलं आहे.

अडतं कुठे

साधी व्हीएम हलवणं आता रोजचं काम आहे. ती चालू असतानाच तिची रॅम ४ केबीच्या पानांनी पलीकडच्या सर्व्हरवर कॉपी होते. कॉपी चालू असताना ज्या पानांवर पुन्हा लिहिलं गेलं, त्यांची हायपरवायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) नोंद ठेवतो आणि ती पुढच्या फेरीत पाठवतो. उरलेली पानं पुरेशी कमी झाली की व्हीएम क्षणभर थांबते, शेवटचं सामान जातं आणि ती पलीकडे जागी होते. क्यूएमूमध्ये या थांब्याची मर्यादा मुळात ३०० मिलिसेकंद धरलेली असते.

नेटवर्क कार्ड थेट व्हीएमला दिलं की ही व्यवस्था दोन ठिकाणी तुटते. कार्ड डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट रॅममध्ये लिहितं आणि ते लिहिणं हायपरवायझरच्या नोंदीत येतच नाही. म्हणजे एखादं पान कॉपी झाल्यावर बदललं, तर ते कुणाला कळणार? दुसरी अडचण कार्डाच्या पोटातली. त्याच्या रांगा, रजिस्टर, अर्धवट पाठवलेली पॅकेट्स हे सगळं सिलिकॉनमध्ये असतं. हायपरवायझरला ते वाचता येत नाही, म्हणून पलीकडे नेताही येत नाही. त्यामुळे असं कार्ड लावलेली व्हीएम हलवायला गेलात तर क्यूएमू सरळ नकार देतो. हा नकार योग्य आहे. तो टाळायच्या पळवाटा शोधू नका.

आधी ठरवा, तुमचं यंत्र कोणतं

यूएसबी डोंगल असेल तर काढा, व्हीएम हलवा, पलीकडे पुन्हा लावा. जीपीयू किंवा एनव्हीएमई डिस्क पूर्णच्या पूर्ण व्हीएमला दिली असेल तर त्यांच्यासाठी धीमा मार्ग नसतो. उत्पादकाने स्थलांतराची सोय दिलेली नसेल तर रात्रीची वेळ ठरवा, लोकांना कळवा आणि व्हीएम रीतसर बंद करून हलवा. यात कमीपणा काही नाही.

नेटवर्क कार्डाचं मात्र उत्तम जमतं. एसआर-आयओव्ही असलेलं एक कार्ड स्वतःचे अनेक छोटे भाग करून देतं, त्यातला प्रत्येक भाग म्हणजे एक व्हीएफ. असा एक व्हीएफ व्हीएमला दिला की तिला जवळजवळ प्रत्यक्ष कार्डाचाच वेग मिळतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच मांडणीसाठी आहेत.

पहिली पायरी: दोन्ही सर्व्हर सारखे करा

बायोसमध्ये इंटेलवर व्हीटी-डी, एएमडीवर आयओएमएमयू आणि दोन्हीकडे एसआर-आयओव्ही चालू असल्याची खात्री करा. दोन्ही सर्व्हरवर व्हीएफ तयार करा. व्हीएमच्या व्याख्येत व्हीएफचा पीसीआय पत्ता थेट लिहू नका, कारण पलीकडे तोच पत्ता मोकळा असेल याचा भरवसा नाही. त्याऐवजी लिबव्हर्टमध्ये होस्टडेव्ह प्रकारचं एक नेटवर्क बनवा, दोन्हीकडे त्याला एकच नाव द्या आणि मूळ कार्ड त्याच्या खाली लावा. मग मोकळा व्हीएफ लिबव्हर्ट स्वतः निवडतो.

मूळ कार्डावर एक साधा ब्रिजही (सॉफ्टवेअरमधला स्विच) बनवा. धीमा मार्ग याच्यावरूनच जाणार आहे. त्याचं व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा) व्हीएफच्या व्हीलॅनशी जुळलंच पाहिजे.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. व्हीएमची डिस्क दोन्हीकडून दिसणाऱ्या सामायिक स्टोरेजवर ठेवा. दोन्ही प्रोसेसरना झेपेल असं सीपीयू मॉडेल नावाने निवडा, 'होस्ट पासथ्रू' हा पर्याय ठेवू नका. फायरवॉलमध्ये ४९१५२ ते ४९२१५ ही पोर्ट उघडा. पलीकडे व्हीएमच्या पूर्ण रॅमइतकी जागा खरोखर मोकळी हवी, कारण पासथ्रूमध्ये गेस्टची (म्हणजे व्हीएमची) सगळी रॅम जागेवर खिळून बसते. थोडी उसनवारी करून भागवणं इथे चालत नाही.

दुसरी पायरी: व्हीएमला दोन कार्डं द्या

एक व्हर्टआयओ (सॉफ्टवेअरचं आभासी) कार्ड ब्रिजवर आणि दुसरा व्हीएफ. दोघांचा मॅक पत्ता एकच ठेवा. लिबव्हर्टमध्ये या दोघांची जोडी लावणारी टीमिंग नावाची ओळ असते. व्हर्टआयओला पर्सिस्टंट म्हणायचं, व्हीएफला ट्रान्झियंट म्हणायचं आणि व्हीएफच्या ओळीत व्हर्टआयओचं टोपणनाव द्यायचं. ते टोपणनाव 'यूए' आणि त्यापुढे आडवी रेघ असं सुरू झालं नाही तर लिबव्हर्ट ते मानत नाही. माझा एक तास यातच गेला आहे.

गेस्टमध्ये लिनक्स कर्नल ४.१८ किंवा त्यापुढचा हवा आणि होस्टवर (म्हणजे सर्व्हरवर) क्यूएमू ४.२ किंवा त्यापुढचा. गेस्टला फेलओव्हरची (एक कार्ड गेलं की दुसऱ्यावर जाण्याची) ही भाषा कळत नसेल तर त्याला व्हीएफ दिसतच नाही. त्यामुळे 'कार्ड लावलंय, तरी गायब' असं झालं तर आधी कर्नलची आवृत्ती बघा.

तिसरी पायरी: गेस्टच्या आत जाऊन बघा

आत तीन इंटरफेस दिसतील: एक मुख्य, एक राखीव व्हर्टआयओ आणि एक व्हीएफ. आयपी पत्ता फक्त मुख्य इंटरफेसला द्यायचा. नेटवर्कमॅनेजर उत्साहाने बाकीच्या दोघांनाही डीएचसीपीवर टाकतो. ते बंद करा, नाहीतर एकाच मॅकवरून दोन-तीन विनंत्या जातात आणि राउटर गोंधळतो.

चौथी पायरी: रंगीत तालीम

ही पायरी बहुतेक जण गाळतात. कृपा करून गाळू नका. व्हीएम कुठेही न हलवता आधी फक्त व्हीएफ काढून बघा. दुसऱ्या मशीनवरून ०.२ सेकंदाच्या अंतराने पिंग चालू ठेवा आणि व्हर्शने (लिबव्हर्टच्या कमांड लाइनने) व्हीएफ वेगळा करा. एक-दोन पॅकेट्स गळणं ठीक आहे. पिंग चालूच राहिलं पाहिजे.

माझ्या पहिल्या तालमीत ते राहिलं नाही. पिंगचा अनुक्रमांक २१२ वर होता, मी व्हीएफ काढला आणि पडदा थिजला. गेस्टच्या आत सगळं ठीक दिसत होतं, मुख्य इंटरफेस चालू, राखीव कार्ड चालू. टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारं साधन) लावल्यावर कळलं की पॅकेट्स बाहेर जात होती, परत येत नव्हती. व्हीएफचा मॅक मी मूळ कार्डावर हाताने लिहिला होता आणि व्हीएफ काढल्यावर तो पुसला नव्हता. कार्डाच्या आतला छोटा स्विच त्या मॅकची पॅकेट्स अजूनही रिकाम्या व्हीएफकडेच टाकत होता, ब्रिजपर्यंत ती पोचतच नव्हती. व्हीएफचा मॅक शून्यावर आणला आणि पुढच्याच क्षणी पिंग धावू लागलं. माटुंग्याचा सांधा जलद मार्गाकडेच ठेवून गाडी धीम्या फलाटावर यायची वाट बघावी, तसं मी करत होतो.

म्हणून मॅक हाताने लिहू नका, तो लिबव्हर्टला लावू द्या. लिहिलाच तर व्हीएफ काढल्याबरोबर पुसायची स्क्रिप्ट ठेवा. सगळी कार्डं इथे सारखी वागत नाहीत, त्यामुळे तालीम तुमच्याच कार्डावर झाली पाहिजे.

पाचवी पायरी: हलवा

व्हर्शची मायग्रेट आज्ञा लाइव्ह, पर्सिस्टंट आणि व्हर्बोज या पर्यायांसह द्या. सुरुवातीलाच क्यूएमू गेस्टला व्हीएफ सोडायला सांगतो आणि तो सुटेपर्यंत थांबतो. इथे काही सेकंद काहीच हलत नाही. घाबरून आज्ञा तोडू नका. व्हीएफ सुटला की वाहतूक व्हर्टआयओवर येते आणि रॅम जायला लागते.

वेळेचा अंदाज सोपा आहे. १० गिगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला जास्तीत जास्त १.२५ जीबी जातात, म्हणजे १६ जीबी रॅमची पहिली फेरी साधारण १३ सेकंदांची. १ गिगाबिटवर तीच फेरी दोन मिनिटांच्या वर जाते आणि तेवढ्या वेळात व्हीएम आणखी पानं बदलत राहते. बदलण्याचा वेग पाठवण्याच्या वेगापेक्षा जास्त असेल तर हे काम संपतच नाही. दुसऱ्या खिडकीत डोमजॉबइन्फो चालवून उरलेली रॅम बघत राहा. आकडा कमी होत नसेल तर ऑटो-कन्व्हर्ज वापरा, त्यात गेस्टचा प्रोसेसर थोडा थोडा आवळला जातो. पोस्टकॉपी (व्हीएम आधी पलीकडे सुरू करून उरलेली रॅम मागून नेणं) झटपट काम करतं, पण मध्येच जोडणी तुटली तर व्हीएम धड इकडची राहत नाही, धड तिकडची. ऑफिसच्या हिशेबाच्या मशीनवर मी ते वापरत नाही.

स्थलांतर मध्येच फसलं तर क्यूएमू जुन्या सर्व्हरवरच व्हीएफ परत जोडतो आणि व्हीएम तिथेच चालू राहते. हा या पद्धतीचा मोठा आधार आहे.

सहावी पायरी: पोचल्याची खात्री

पडद्यावर शंभर टक्के दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. पलीकडे व्हीएफ पुन्हा जोडला गेला का, हे गेस्टमध्ये शिरून बघा. तो जोडला नसेल तरी सगळं चालतं, फक्त हळू. सोमवारी सकाळी अकरा वाजता सगळे कामाला लागले की तक्रारी येतात आणि तोवर कारण कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं. इथटूलने ड्रायव्हर तपासा, मोठी फाइल कॉपी करून वेग मोजा, आणि गेटवेबरोबरच स्विचच्या पलीकडच्या एखाद्या मशीनवरूनही पिंग करा.

नवी वाट

आता कार्डाच्या पोटातली अवस्थाही उचलून नेता येते. त्यासाठी व्हीएफआयओचा (व्हीएमला हार्डवेअर थेट देणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेचा) नवा करार मे २०२२ मध्ये लिनक्स ५.१८ सोबत आला. कार्डाचा ड्रायव्हर कार्डाला थांबवतो, त्याची अवस्था बाहेर काढतो आणि पलीकडच्या कार्डात भरतो. एनव्हिडियाच्या कनेक्टएक्स घराण्यातल्या कार्डांसाठी आणि हायसिलिकॉनच्या अ‍ॅक्सलरेटरसाठी ड्रायव्हर त्याच आवृत्तीत आले. ऑगस्ट २०२३ च्या क्यूएमू ८.१ मध्ये या सोयीवरचा 'प्रायोगिक' शिक्का निघाला. यात वाहतूक धीम्या मार्गावर वळवावी लागत नाही, पण दोन्हीकडे त्याच जातीचं कार्ड आणि जुळणारं फर्मवेअर हवं. एकसारखे सर्व्हर घाऊक घेणाऱ्यांना हे परवडतं. दोन वेगवेगळ्या वर्षी घेतलेले दोन सर्व्हर ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी आज तरी टीमिंगच धरावं.

व्हीएम पलीकडे नीट रुळली की जुना सर्व्हर बंद करा आणि खराब रॅमची पट्टी बदला. व्हीएम परत आणायची घाई मात्र करू नका. त्या सर्व्हरवर रात्रभर मेमटेस्ट चालू द्या, आणि परत आणायच्या आधी तिथे व्हीएफ तयार झाले आहेत ना ते बघा. सर्व्हर बंद होऊन चालू झाला की व्हीएफची संख्या शून्यावर येते. ती बूटच्या वेळी आपोआप भरली जाईल अशी सोय केलेली नसेल, तर परतीच्या गाडीला जलद मार्ग मिळणार नाही.