डेटाबेस सर्व्हरसाठी भरवशाचे हार्डवेअर कसे निवडावे

डेटाबेस सर्व्हर घेताना बहुतेक जण आधी प्रोसेसरचा वेग पाहतात. माझ्या मते सर्वांत आधी डिस्क पारखावी. डेटाबेस ‘कमिट झाले’ (म्हणजे व्यवहार पक्का नोंदला गेला) असे कळवतो, त्या क्षणी ती नोंद डिस्कवर कायमची उतरलेली असते की अजून डिस्कच्या कॅश मेमरीतच (तात्पुरत्या साठ्यातच) असते, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. कारण वीज जाताच कॅशमधला मजकूर नाहीसा होतो आणि ज्या व्यवहाराची पावती ग्राहकाच्या हाती आहे, त्याचा डेटाबेसमध्ये मागमूसही उरत नाही.

म्हणून एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी फ्लॅश चिपवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह) घ्यायचा तर पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेलाच घ्यावा. त्याच्या बोर्डवरील कपॅसिटरमध्ये साठलेल्या ऊर्जेवर तो वीज गेल्यानंतरही कॅशमधला डेटा फ्लॅशवर लिहून पूर्ण करतो. घरगुती वापराच्या एसएसडींमध्ये ही सोय सहसा नसते.

फिरत्या चकतीची हार्ड डिस्क नोंद उतरल्याचे खरे सांगते की नाही, हे साध्या गणिताने ताडता येते. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते आणि तीच जागा पुन्हा लिहायला एक फेरा थांबावे लागते; त्यामुळे एकच नोंद पुन्हा पुन्हा लिहून दर वेळी एफसिंक (डेटा डिस्कवर कायमचा उतरवण्याचा आदेश) केल्यास सेकंदाला साधारण तेवढेच एफसिंक व्हायला हवेत. पोस्टग्रेस या डेटाबेसबरोबर येणाऱ्या पीजी_टेस्ट_एफसिंक या साधनाने हजारोंचा आकडा दाखवला, तर मध्ये कुठली तरी कॅश आहे हे नक्की. ती बॅटरी असलेल्या रेड कंट्रोलरची (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची) असेल तर चालेल. डिस्कची स्वतःची असेल, तर ती बंद करावी. एसएसडीला हे गणित लागू पडत नाही. तिथे लेखन चालू असताना वीज तोडावी आणि पूर्ण झालेल्या कमिटची दुसऱ्या यंत्रावर ठेवलेली यादी नंतर डेटाबेसशी ताडून पाहावी.

मेमरी ईसीसीच (स्वतःतल्या चुका ओळखून दुरुस्त करणारी) हवी, यात तडजोड नको. तिच्यात नेहमीच्या रचनेत ६४ बिटांमागे ८ तपासणी बिट असतात. एक बिट उलटला तर तो दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान कळते. साध्या मेमरीत डेटाबेसचे पान (डेटाचा एक ठरावीक तुकडा) त्याचा चेकसम (डेटा बदलला का हे पाहण्याचा आकडा) काढण्याआधीच बिघडलेले असेल, तर ते बिनबोभाट बॅकअपमध्येही जाते. डीडीआर५ प्रकारच्या मेमरीच्या चिपमधील अंतर्गत ईसीसी ही याची जागा घेत नाही.

एसएसडीची लेखनक्षमताही तपासावी: २ टीबीचा ड्राइव्ह ५ वर्षे रोज एकदा पूर्ण लिहिता येईल अशी हमी असेल, तर ती ३६५० टीबी होते. लेखन जास्त असल्यास रेड ५ (डेटासोबत पॅरिटी म्हणजे तपासणीची माहिती लिहिणारी रचना) पेक्षा रेड १० (डेटाच्या जोड प्रती ठेवणारी रचना) घ्यावे. पॉवर सप्लाय दोन असावेत आणि ते वेगवेगळ्या यूपीएसना जोडावेत.