क्रॉस मारताना टाच फिरली पाहिजे

बॉक्सिंगसाठी मुठीला आणि मनगटाला गुंडाळायचा कापडी हँडरॅप साडेचार मीटरचाच घ्या. आखूड असला की मनगटाला पुरेसे वेढे बसत नाहीत. मुंबईच्या पावसाळ्यात तो रात्रभरात वाळत नाही, म्हणून दोन जोड ठेवा. ओला रॅप बांधून बॅगवर, म्हणजे सरावाच्या टांगत्या पोत्यावर, ठोसे मारायचे नाहीत, कातडी सोलवटते.

उजव्या हाताच्या माणसाने डावा पाय पुढे ठेवावा. पावलांत खांद्याइतकं अंतर, उजवी टाच किंचित उचललेली, हनुवटी खाली, मुठी गालाशी. जॅब, म्हणजे पुढच्या डाव्या हाताचा ठोसा, सरळ जातो आणि त्याच रेषेत परत येतो. एवढं आठवडाभरात जमतं.

घोडं अडतं ते क्रॉसपाशी, म्हणजे मागच्या उजव्या हाताच्या सरळ ठोशापाशी. ‘जोरात मार’ म्हटलं की नवखा आधी हात मागे खेचतो, मग पुढे झुकून नुसत्या दंडाने मारतो. समोरच्याला ठोसा आधीच दिसतो, तोल जातो आणि खांदा दुखावतो तो वेगळाच. हा सल्ला देणं बंद व्हायला हवं. जोर मागच्या पायातून येतो. उजव्या चवड्याने जमीन दाबा, टाच बाहेर फिरवा. त्यासरशी गुडघा आत वळतो, मग कंबर, मग खांदा आणि सगळ्यात शेवटी हात सुटतो. हात आधी गेला तर कंबर फिरून उपयोग नाही.

ठोसा न मारता हेच करून बघा. दोन्ही हात कमरेवर ठेवा आणि फक्त टाच फिरवा. बेंबी बॅगकडे वळली, पण नाक डाव्या गुडघ्याच्या पुढे गेलं नाही, तर बरोबर. नाक पुढे गेलं म्हणजे तुम्ही झुकताय.

चौपाटीच्या वाळूत याचा सराव करू नका. पाऊल रुततं, कंबर फिरते आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. घट्ट पकडीच्या जाड रनिंग शूजमध्येही तेच होतं. सपाट तळव्याचे बूट आणि कोरडी फरशी हवी.

मूठ वाटेत सैल ठेवा, लागण्याच्या क्षणी आवळा. मार तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यांवर बसला पाहिजे, मनगट कोपरापासून सरळ रेषेत. कोपर बाहेर उघडलं की मूठ वळसा घेऊन येते आणि करंगळीच्या बाजूने आदळते. तळहातातलं करंगळीमागचं हाड असंच मोडतं. डावी मूठ गालावरून हलवायची नाही.

बॅग लांब झोके घेत असेल तर तुम्ही तिला ढकलताय. ठोसा बसताच हात मागे घ्या. आवाज तुटक, मोकळा येतो आणि बॅग जागच्या जागी थरथरते.

तीन मिनिटांचा राउंड, एक मिनिट विश्रांती. पहिले दोन राउंड निम्म्या जोराने. दमल्यावर टाच फिरायची थांबली, की त्या दिवशीचा क्रॉस बंद करा आणि उरलेला वेळ जॅबला द्या.